काढायचे की घालवायचे?

नाकावरचे काळे ठिपके आणि कपाळावरचे पांढुरके बारीक दाणे यांच्या बाबतीत घरोघर दोन पक्ष असतात. एक म्हणतो, दिसतंय ते काढून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, हात लावू नका, औषध लावा आणि थांबा. पहिल्याचा भरवसा बोटांवर, दुसऱ्याचा कॅलेंडरवर. हे दोन्ही पक्ष मी इथे एका खोलीत बसवले आहेत. आत्याचं नाशिकच्या सिडकोत ब्युटी पार्लर आहे. भाची एमबीबीएस होऊन त्वचारोगात एमडी करते आहे. दोघी मी रचलेल्या, म्हणून नावं दिलेली नाहीत. त्यांचे मुद्दे मात्र रचलेले नाहीत. ते या शहरात कुठल्याही दुपारी कानावर पडतील. वेळ तीनची, पार्लरमध्ये गिऱ्हाईक नसण्याची.

आत्या : सरळ विचारते. इतकी वर्षं बायकांच्या नाकावर मी जे करत आले, ते तुमच्या पुस्तकात चूक आहे का?

भाची : चूक नाही गं. आम्हीही काढतो. पण काढलं म्हणजे गेलं, असं तू गिऱ्हाइकाला सांगतेस, ते चूक. महिन्याभरात ती परत तुझ्या खुर्चीत असते.

आत्या : भुवयाही परत वाढतात. म्हणून कोणी थ्रेडिंग बंद केलंय?

भाची : भुवया वाढायलाच हव्यात. ब्लॅकहेड व्हायलाच हवा असं नाही. तो तयार होणं थांबवता येतं, आणि तेच काम दाबून होत नाही. कसा होतो ते ऐक. चेहऱ्यावरच्या छिद्रातून केस येतो, कित्येकदा इतका बारीक की दिसतही नाही. त्याला लागूनच तेलाची ग्रंथी. ते तेल, सिबम, केसाच्या कडेने वर येतं. छिद्राला आतून कातडीचं अस्तर असतं, त्याच्या मेलेल्या पेशी सुटून तेलाबरोबर बाहेर पडतात. वयात येताना अँड्रोजेन ही संप्रेरकं वाढतात, मुलींचीही वाढतात. ग्रंथी मोठी होते, तेल वाढतं आणि त्याच सुमारास या पेशी सुट्या न होता एकमेकींना चिकटून राहायला लागतात. त्यांचं तेलकट बूच बसतं. पहिले काही आठवडे बाहेरून पत्ताही लागत नाही. मग छिद्राचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, वरून कातडीने झाकलेलं राहिलं तर व्हाइटहेड. आतला ऐवज एकच. आम्ही दोघांनाही कॉमेडॉन म्हणतो.

आत्या : आणि काळं? ती तर घाणच. स्कूटीवरून द्वारका चौकापर्यंत जाऊन ये, रुमाल बघ कसा होतो.

भाची : रुमालावर धूळ असते. ब्लॅकहेडचा काळेपणा धुळीचा नाही. त्या बुचात मेलॅनिन असतं, कातडीचं रंगद्रव्य. तेल आणि मेलॅनिन दोन्हीला वरच्या टोकाला हवा लागते. चिरलेलं वांगं काळं पडतं तसं. ते काय मळलेलं असतं? म्हणून तर दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन ब्लॅकहेड जात नाही, कातडी मात्र चुरचुरायला लागते.

आत्या : हे मी बघितलंय बरं का. ब्लॅकहेड काढायच्या लूपने दाबलं की टोकाला एवढासा काळा ठिपका, खाली सगळं पिवळट, मेणचट. गिऱ्हाइकाला टिश्यूवर काढून दाखवते.

भाची : दाखवतेस आणि म्हणतेस, बघा किती घाण होती!

आत्या : म्हणते. त्यांना बरं वाटतं.

इथे मी भाचीच्या बाजूने आहे. तोंडावर मुरूम असलेल्या पोरापोरींना आपण अस्वच्छ आहोत अशी लाज वाटते आणि खरखरीत स्क्रब, काळे मास्क, नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या हा सगळा माल त्या लाजेवर खपतो. आत्याला हे कळत नाही असं नाही.

भाची : तुझा तो भिंगाचा दिवा इकडे ओढ. माझं नाक बघ. काय दिसतं?

आत्या : भरलंय की. बारीक बारीक, राखाडी. कधी केलंस क्लीनअप?

भाची : कधीच नाही. आणि यातला एकही ब्लॅकहेड नाही. नीट बघ, सगळे ठिपके एका मापाचे, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. दाबलेस तर पांढरी बारीक दोरी बाहेर येईल, टोकाला काळं बूच नसेल. हे सेबेशियस फिलामेंट. तेल वर येण्याची नेहमीची वाट आहे ती, मोठ्या माणसांच्या नाकावर असतेच. काढलं तरी महिन्याभरात पुन्हा भरते. खरा ब्लॅकहेड आकाराने मोठा, गडद, इथे एक तिथे एक असतो. हनुवटीवर, कपाळावर, कानाच्या खोलगट भागात, पाठीवर.

आत्या : म्हणजे माझी निम्मी गिऱ्हाइकं...

भाची : निम्मी की किती ते तू मोज. पण ज्याला काही झालेलंच नाही, त्याचं नाक तू दर महिन्याला दाबतेस.

यावर आत्या थोडा वेळ गप्प बसते आणि नंतर जे बोलते ते डॉक्टरमंडळींनीही ऐकावं असं आहे.

आत्या : बरं, मान्य. पण तुमच्याकडे आलेल्या पोरीला तुम्ही किती वेळ देता? ओपीडीत रांग, तीन मिनिटं, चिठ्ठी. ती घरी जाऊन ट्यूब लावते, चौथ्या दिवशी तोंड सोलवटतं, आई म्हणते बंद कर. मग ती माझ्याकडे येते. माझ्याकडे ती तासभर बसते, सगळं सांगते. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस येतात, होस्टेलचं जेवण, परीक्षेचं टेन्शन. हे तुम्हाला सांगायला तिला फुरसत मिळते का?

भाची : नाही मिळत. पाळीचं आणि केसांचं सांगितलं तर आम्ही पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, तपासू, उपचाराची दिशाच बदलेल. ते तुला कळतं आणि आम्हाला कळत नाही, हे वाईट आहे. तू तिला तेवढं सांगून आमच्याकडे पाठव.

आत्या : पाठवीन. पण आधी घरचं करू देत. डाळीचं पीठ, मुलतानी माती, कोरफड. आपल्याकडे हे पूर्वीपासून आहे.

भाची : डाळीच्या पिठाने तोंड धुतलं तर माझी हरकत नाही, जोरात घासलं नाही म्हणजे झालं. लिंबू मात्र नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि काळे डाग उरतात. आणि पूर्वीपासूनचं म्हणशील तर सुश्रुताने मुरमांना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ आजारांत घातलं आहे. सावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या तरुणांच्या तोंडावर येतात असं त्याचं वर्णन. ते कोणी आजही खोडून काढणार नाही.

आत्या : लोध्र, धणे आणि वेखंडाचा लेप मी स्वतः करते. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथे जाऊन विचार.

भाची : कर ना. फक्त वाळलेला लेप खरवडून काढू नकोस, पाण्याने भिजवून काढ. आणि तीन महिन्यांत फरक पडला नाही तर पोरीला तिथेच अडकवून ठेवू नकोस. मला भीती लेपाची नाहीच. मला भीती तुझ्या फेशियलच्या मसाज क्रीमची वाटते. अर्धा तास चोळून तेलकट क्रीम जिरवायची आणि काही आठवड्यांनी गालावर दाणे उठले की वर म्हणायचं, आतली घाण बाहेर पडते आहे.

आत्या : पुन्हा घाण काढलीस?

भाची : तूच काढतेस, मी नाही. १९७२ साली अल्बर्ट क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं की सौंदर्यप्रसाधनांनीच बारीक दाणे उठतात. त्याच्या दोन वर्षं आधी केसांना पोमेड चोपडणाऱ्या पुरुषांच्या कपाळावरचे दाणे त्यांच्याच गटाने नोंदवले होते. आपलं खोबरेल घे. रात्री डोकं चपचपीत करायचं, घट्ट वेणी घालायची आणि तेच तेल उशीवरून, हातावरून कपाळभर. केसांच्या रेषेला लागून पांढुरके दाणे दिसले की मी पहिला प्रश्न तेलाचा विचारते.

आत्या : आईने जन्मभर तेल लावलं. तिच्या कपाळावर एक दाणा नव्हता.

भाची : सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतं त्यांनी धुण्याआधी तासभर लावावं, कपाळापासून दूर ठेवावं. तेल सोडा असं मी नाशिकमध्ये म्हटलं तर मला घरात घेणार नाहीत.

खाण्याचा विषय निघतोच, म्हणून तीन वाक्यांत. तर्रीचं तेल तोंडातून पोटात जातं, कपाळाच्या छिद्रात येत नाही. मिसळीवर आरोप पक्का करणारा पुरावा नाही. भरपूर साखर-मैदा, काहींच्या बाबतीत दूध, आणि जिममधल्या मुलांचं व्हे प्रोटीन यांच्याकडे मात्र संशयाने बघायला जागा आहे.

एवढ्यात आत्याचा मुलगा डबा घ्यायला येतो. अंबडच्या एमआयडीसीत एका जॉब शॉपमध्ये लेथवर आहे. भाची त्याचा हात धरते आणि बाही वर करते. मनगटापासून कोपरापर्यंत काळे ठिपके, मधूनमधून लाल पुळ्या.

आत्या : उष्णता आहे त्याला. सब्जा दे म्हटलं तर ऐकत नाही.

भाची : दादा, मशीनवर तेल कुठलं वापरता? पाण्यात कालवून की नुसतं?

मुलगा : या मशीनला नुसतंच. कटिंग ऑइल.

भाची : मांडीवर पण आहेत ना? पॅन्ट तेलाने भिजते तिथे?

मुलगा : तुला कसं माहीत?

भाची : कारण हा ऑइल ॲक्ने आहे. दिवसभर तेल हातावर उडतं, केसांच्या छिद्रांत बसतं, ती बुजतात. तेलाने भिजलेला कपडा मांडीला घासतो, तिथेही तेच. उष्णता नाही, सब्जा नाही. कपाळाच्या मुरमांसारखा याचा वयाशी संबंध नाही, चाळिशीतल्या कामगारालाही होईल. सुटताना हात कशाने धुता?

मुलगा : आधी थिनर. मग पावडर.

भाची : थिनर बंद. साधा साबण, कोमट पाणी. पुढे तेल न शोषणारा ॲप्रन. तेलाचं फडकं खिशात कोंबायचं नाही. पॅन्ट रोज बदलायची आणि घरच्या कपड्यांत धुवायची नाही. मशीनला स्प्लॅश गार्ड आहे का ते सुपरवायझरला विचार. ईएसआयचं कार्ड असेल तर सातपूरच्या विमा रुग्णालयात दाखव, कामाची नोंद करा म्हणून सांग. आणि केमिकलच्या कारखान्यातल्या कोणाला गालाच्या हाडांवर, कानामागे एकदम असे ठिपके आले तर त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्या. क्लोरीन असलेल्या काही रसायनांनी क्लोरॲक्ने होतो. १९७६ मध्ये इटलीत सेवेसोला कारखान्यातून डायॉक्सिन सुटलं, तेव्हा तिथल्या लहान मुलांच्या तोंडावर पहिली खूण हीच दिसली होती.

मला या लेखात सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मिळून हजारो हात रोज तेलात असतात. त्या हातांवरच्या ब्लॅकहेडला सौंदर्याचा प्रश्न कोणी म्हणत नाही, म्हणून त्याला प्रश्नच म्हणत नाहीत. पार्लरमध्ये तो येत नाही, आला तरी त्याच्यासाठी पॅकेज नसतं. भिंगाचा दिवा कोपरापर्यंत सरकवला तर कामाची जागा दिसते, आणि तिथला उपाय ट्यूबमध्ये नसून मशीनवरच्या पत्र्यात असतो.

आत्या : मग आपल्या आबांचं काय? डोळ्यांच्या कडेला हे मोठमोठे काळे. ऐंशीच्या घरात आले. त्यांना कुठलं तारुण्य आणि कुठलं लेथ?

भाची : आबा निफाडला जन्मभर द्राक्षबागेत उन्हात. आणि बिडी?

आत्या : सिन्नरची. सोडली कुठे अजून.

भाची : ऊन आणि धूर. वर्षानुवर्षांच्या उन्हाने कातडीखालचा आधार ढिला पडतो, छिद्रं ताणून मोठी होतात आणि त्यांत हे बसतं. फाव्र आणि राकूशो या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने हा आजार ओळखतात. राकूशोने १९५१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. धोका नाही. त्रास नसेल तर आबांना आबांसारखं राहू दे, टोपीची कड मोठी घे आणि बिडीचं काय जमतं ते बघ.

आत्या : बरं, आता औषधाचं बोल. माझ्या गिऱ्हाइकाला तू काय देशील?

भाची : फक्त ब्लॅकहेड, व्हाइटहेड असतील, लाल पुळ्या नसतील, तर पहिलं नाव ॲडापॅलीन. ०.१ टक्क्याचं जेल, रात्री. किंवा ट्रेटिनॉइन. ही दोन्ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली, रेटिनॉइड. छिद्रातल्या पेशी एकमेकींना चिकटतात म्हणाले ना, तेच ही औषधं सोडवतात. बूच सैल होतं आणि नवं बसत नाही. अमेरिकेत २०१६ पासून हे ॲडापॅलीन चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे मात्र डॉक्टरला दाखवून सुरू करावं, कारण लावायचं कसं हेच निम्मं औषध आहे.

आत्या : ट्यूबवर लिहिलेलं असतं की.

भाची : ‘दिवसातून एकदा’ एवढंच असतं. पोरी काय करतात? दाणा दिसला की त्याच्यावर थापतात. हे दाण्यावर लावायचं नाही, सगळ्या कपाळाला, सगळ्या गालाला लावायचं, कारण पुढच्या महिन्यात दिसणारं बूच आज न दिसणाऱ्या जागी आहे. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. तोंड धुऊन पुसून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. वरून साधं मॉइश्चरायझर. नाकपुड्यांचे कोपरे, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा सोडायच्या. सकाळी सनस्क्रीन. आपल्याकडे डिसेंबरात निफाडचा पारा खाली जातो त्या दिवसांत सुरू केलं तर सालपटं जास्त निघतात, हे आधीच सांगायचं. आणि दिवस गेलेले असतील किंवा मूल हवं असेल तर रेटिनॉइड लावायचंच नाही, ॲझेलाइक ॲसिडसारखं दुसरं देतो.

आत्या : फरक कधी?

भाची : आठ ते बारा आठवडे.

आत्या : तीन महिने! पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं असतं.

भाची : मग तिने चार महिने आधी यायचं.

आत्या : हे औषध शोधलं कोणी? तुझ्या त्या क्लिगमननेच?

भाची : ट्रेटिनॉइन मुरमांवर आणलं ते त्यानेच. १९६९ मध्ये त्यावरचा शोधनिबंध त्याचा. आणि त्याने प्रयोग कोणावर केले तेही सांगते. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर. थोड्या पैशांच्या बदल्यात, पुरेशी कल्पना न देता, वर्षानुवर्षं. औषध चांगलं आहे, त्याची जन्मकथा चांगली नाही. मी दोन्ही सांगते.

आत्या : (थोड्या वेळाने) आमचं पीठ कोणाला कोंडून तपासलं नव्हतं.

भाची : नव्हतं. पण नीट तपासलंही नव्हतं.

या दोन वाक्यांच्या मध्ये मी पडत नाही.

भाची : सॅलिसिलिक ॲसिडही आहे, दोन टक्क्यांपर्यंत. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं. फेसवॉशमधलं मिनिटात धुऊन जातं, लावून ठेवायचं घेतलं तर उपयोग जास्त. लाल पुळ्याही असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडीला. त्याने टॉवेलचा, उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, पांढरा टॉवेल वापरायला सांग. आणि व्हाइटहेडला हलकं समजू नकोस. ब्लॅकहेड उघडा असतो, बरेचदा तसाच पडून राहतो. व्हाइटहेड बंद असतो, तो आतल्या आत फुटला की लाल, दुखरी पुळी होते. आपल्या सावळ्या कातडीवर पुळी जाते आणि डाग महिनोन्‌महिने राहतो. नखाने फोडलेल्याचा तर खड्डाच.

आत्या : पू दिसतो तो व्हाइटहेड ना?

भाची : नाही, ती पिकलेली पुळी. व्हाइटहेड कातडीच्या रंगाचा, कातडी ताणली की उठून दिसतो. आणि डोळ्यांखाली कडक पांढरे मोत्यासारखे असतात ते मिलिया, वेगळंच प्रकरण. त्यांच्यावर लूप चालवू नकोस.

आत्या : आता माझं एक ऐक. परवा एक पोरगी आली. चेहरा बघून मी हात लावला नाही. गाल लालभडक, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात, गालावर लव आणि सगळीकडे एकसारख्या पुळ्या. उन्हात गेलं की आग होते म्हणाली. विचारलं, काय लावतेस? मैत्रिणीने सांगितलेली क्रीम. मेडिकलमधून. पहिल्या आठवड्यात पिंपल बसले, रंगही उजळला, म्हणून दोन वर्षं लावत होती. बंद केली की दुप्पट उठतात, म्हणून परत लावते. मी ट्यूब मागितली, फोटो काढून ठेवलाय, हा बघ.

भाची : मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. तीन औषधांचं मिश्रण. डागांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली, काही आठवड्यांपुरतं. ही दोन वर्षं फेअरनेस क्रीम म्हणून लावत होती. त्यातलं मोमेटासोन हे स्टिरॉइड. सूज दाबतं म्हणून पुळी बसल्यासारखी वाटते. मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते आणि स्टिरॉइडनेच नव्या पुळ्या येतात. सोडलं की भडकतं, म्हणून सुटत नाही. आमच्याकडे याला नाव पडलंय, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याच्याविरुद्ध मोहीम चालवली. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्रीची सवलत काढून टाकली.

आत्या : काढली म्हणतेस. तिला तर मिळाली.

भाची : मिळते.

आत्या : मग तू माझ्या लूपवर कशाला घसरतेस? माझ्याकडून फार तर डाग पडेल. या ट्यूबने तिचं तोंड गेलं.

भाची : तुझं खरं आहे. भांडायचं तर ट्यूबशी भांडायला हवं.

इथून पुढे दोघींचं बोलणं तहाच्या कलमांवर येतं. आत्या कबूल करते की लाल, पिकलेल्या पुळीला हात लावणार नाही, नाकाच्या फिलामेंटसाठी पैसे घेणार नाही. भाची कबूल करते की मोठे, जुने, औषधाला दाद न देणारे ब्लॅकहेड काढावेच लागतात आणि ज्याचा हात हलका आहे त्याने ते काढले तर बिघडत नाही. आधी काही आठवडे औषध लावलेलं असेल तर बूच सैल झालेलं असतं, कमी जोरात निघतं. व्हाइटहेडला सुई लागते, ते पार्लरचं काम नाही. लूप गिऱ्हाइकागणिक निर्जंतुक, हातमोजे नवे. आत्या म्हणते, स्पिरिट आणि हातमोजे मी गोळे कॉलनीतून घाऊकच आणते, ते मला शिकवू नकोस. एका कलमावर मात्र जमत नाही. भाचीला वाटतं, ज्या मुलीला स्वतःला काही वाटत नाही तिच्या नाकाकडे कोणी बोट दाखवू नये. आत्याला वाटतं, बोट तर सासरचे दाखवणारच, मग आपण आधी दाखवलेलं बरं. मला भाचीचं पटतं, पण कांदेपोह्यांना बसलेली मुलगी कोणाचं ऐकेल हे मला सांगता येणार नाही.

माझा निकाल असा. काढणं हा दिलासा आहे, घालवणं हा उपचार, आणि दिलाशाचे पैसे देताना तो दिलासाच आहे हे माहीत असावं. नाकावर सारखे राखाडी ठिपके असतील तर काही करू नका. कपाळावर, हनुवटीवर खरे कॉमेडॉन असतील तर तेल, क्रीम आणि मशीनवरचं काम आधी तपासा, मग तीन महिन्यांची तयारी ठेवून डॉक्टरकडे जा. पाळीचं, कामाचं, लावलेल्या प्रत्येक क्रीमचं न विचारता सांगा.

आणि आज घरी एवढं करा : कपाटातली, पर्समधली, मुलाच्या ड्रॉवरमधली चेहऱ्याची प्रत्येक ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं आणि ते महिनोन्‌महिने लागत असेल, तर मनाने एकदम बंद करू नका, तीच ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा. खर्चाची अडचण असेल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नाशिकचं जिल्हा रुग्णालय त्र्यंबक रोडवर आहे.